जिप्सी जिथून वळते, तिथून पुढे

विदर्भातल्या माणसाला डोंगरात सुट्टी काढायची असली की चिखलदरा आठवतो, आणि जंगलात काढायची असली की ताडोबा. ताडोबाला निघालेला नागपूरकर उमरेडहून भिसी-चिमूरकडे वळतो. चंद्रपूरला उतरलेला पुणेकर मोहर्ली गाठतो. दोघांच्याही वाटेत सिंदेवाही येत नाही. गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावरचे हे तालुक्याचे गाव ताडोबाच्या पूर्वेला आहे. त्याच्या उत्तरेला आलेवाही, तळोधी रोड आणि नागभीड, तर दक्षिणेला राजोली आणि मूल. गावाला मॉल रोड नाही, सनसेट पॉइंट नाही, लगाम धरून मागे लागणारा घोडेवालाही नाही. आठवडी बाजार, धानाच्या गिरण्या, एसटी स्टँड आणि चहूबाजूंनी जंगल, एवढाच संसार.

तरी इथे दोन-चार दिवस मुक्काम ठोकून तास-दीड तासाच्या फेऱ्या मारल्या, तर एक डोंगर, तीन मोठे तलाव, अश्मयुगानंतरच्या माणसांनी उभी केलेली दगडी थडगी, धानाच्या एका वाणाचे जन्मगाव आणि रात्रभर चालणारे नाटक एवढे सगळे पदरात पडते. वाघ दिसेलच असे नाही. न दिसलेला बरा, असे इथली माणसे म्हणतात आणि ते चेष्टेने म्हणत नाहीत.

ताडोबाचा पसारा आधी पाहू. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा, आणि २०१० मध्ये त्याभोवती आखलेला बफर ११०० चौरस किलोमीटरचा. या बफरमधले शिवणी वनपरिक्षेत्र सिंदेवाही तालुक्यात येते. म्हणजे हा तालुका ताडोबाचा शेजारी आहेच, शिवाय त्याच्या कुंपणात अर्धा आतही आहे. कुंपण म्हणायचे ते कागदावर, कारण वाघाला गट नंबर वाचता येत नाहीत. तो शिवणीतून निघतो, रेल्वेचे रूळ ओलांडतो आणि ब्रह्मपुरी वनविभागात शिरतो. पुढे उमरेड-कऱ्हांडला किंवा नागझिऱ्यापर्यंत पोचण्याची त्याची वाट याच भागातून जाते. मे २०२३ मध्ये नागझिऱ्यात सोडलेल्या दोन वाघिणी ब्रह्मपुरीकडच्याच होत्या. रूळ ओलांडणे दरवेळी साधत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच मार्गावर चंद्रपूरच्या बाजूला वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मेले.

ताडोबा हे नावही वाघाशी झुंजलेल्या माणसाचे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी लढताना मारला गेला आणि लोकांनी त्याला देव केले, अशी इथल्या आदिवासींची परंपरागत कथा आहे. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे पूजेला माणसे येतात. देशभरातले पर्यटक ज्या तलावावर दुर्बिणी रोखून बसतात, त्याच्या काठी वाघाने मारलेल्या माणसाचे देऊळ आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सफारी म्हणजे जिप्सीत सहा जण, एक वाटाड्या, एक चालक. खाली उतरायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही. नियम चांगलेच आहेत. मात्र त्यामुळे जंगल म्हणजे गाडीत बसून पाहायची गोष्ट, असा समज पक्का झाला आहे. जंगलाच्या कडेने पायी चालायचे असेल, तर गेट मागे टाकून पूर्वेकडे यावे लागते.

पूर्वेकडचा मोठा डोंगर म्हणजे पेरजागड. लोक त्याला सातबहिणीचा डोंगर म्हणतात. नागभीड आणि चिमूर तालुक्यांच्या सीमेवरची ही रांग, तळोधी-गोविंदपूरकडच्या गावांतून तिच्या पायथ्याला जाता येते. जुन्या चांदा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पेरजागडच्या रांगेची वेगळी नोंद आहे. धानाच्या सपाट बांध्यांतून हा डोंगर एकदम उठतो, म्हणून आहे त्यापेक्षा उंच भासतो. सुरुवातीला बांबू आणि ऐन, मग मोठमोठे शिलाखंड, वर सरळ तुटलेला कडा. सात बहिणी इथे देवी होऊन राहिल्या अशी श्रद्धा आहे. भाविक नारळ घेऊन चढतात, कॉलेजची पोरे पाण्याच्या बाटल्या घेऊन. माथ्यावरून एका बाजूला ताडोबाकडे गेलेले जंगल दिसते आणि दुसऱ्या बाजूला तुकड्या-तुकड्यांची धानशेती, मधूनमधून तलावाचे पाणी चमकणारी.

या कड्यांना आग्या मोहोळांची पोळी लटकतात. त्यांच्या हल्ल्यात इथे माणसे दगावली आहेत. चढताना अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा, हे गावकरी सांगतात ते उगाच नाही. उदबत्तीचा जुडगा पेटवून कड्याखाली उभे राहणारे भक्त पाहिले की बहिणींनाच त्यांची काळजी वाटत असेल. पायथ्याच्या गावातला जाणता माणूस सोबत न घेता हा डोंगर चढू नये. वाटेवर पावलोपावली पाट्या नाहीत, अस्वले मात्र आहेत.

डोंगराचे पाणी खाली अडवले आहे ते घोडाझरीला. टेकड्यांच्या कुशीतला हा तलाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांच्या पाटबंधारे खात्याने बांधला. नलेश्वर आणि आसोलामेंढा हे दोन मोठे तलावही त्याच काळातले. दुष्काळाचा मार खाल्लेल्या मध्य प्रांताच्या सरकारने चांदा जिल्ह्यात धानाला हुकमी पाणी मिळावे म्हणून ही कामे काढली. घोडाझरीच्या पाळीवर उभे राहिले की तिन्ही बाजूंना जंगल उतरत आलेले दिसते. नागपूरच्या सहली इथे वर्षानुवर्षे येतात, डबे उघडतात, पाण्यात पाय सोडतात. इथे पाय सोडण्यापलीकडे जाऊ नये. मार्च २०२५ मध्ये होळीच्या सुट्टीत आलेले पाच तरुण याच पाण्यात बुडाले. काठ उथळ दिसतो आणि एकदम खोल होतो.

२०१८ मध्ये घोडाझरीभोवतीच्या सुमारे १५९ चौरस किलोमीटर जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ब्रह्मपुरी वनविभागात एवढे वाघ असूनही तोवर त्यातल्या जंगलाला असे संरक्षण नव्हते. याच विभागात लोहारडोंगरीला लोहखनिजाची खाण काढण्याचा प्रस्ताव मात्र कित्येक वर्षे वादात राहिला. डोंगर पाहायला यावे की खणायला, याचा निकाल या भागात अजून लागायचा आहे.

तलाव बांधायला या मुलखाला इंग्रज शिकवायला आले नव्हते. त्यांच्या आधी तीनशे-चारशे वर्षे कोहळी समाजाची माणसे हे काम करत होती. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन सवलतीने देण्याची रीत पाडली. हीरशहा राजाचे नाव या संदर्भात घेतले जाते. त्या देणगीला तुकूम म्हणत, आणि आजही या पट्ट्यात नावापुढे तुकूम लागलेली गावे आहेत. कोहळ्यांकडे ना दुर्बीण होती ना नकाशा. पावसाळ्यात पाणी कुठून वाहते ते पाहायचे, दोन टेकाडांमधली अरुंद जागा धरायची, तिथे मातीची पाळ घालायची, आणि जास्तीचे पाणी पाळ न फोडता निघून जावे म्हणून कडेला, शक्यतो खडकावर, सांडवा ठेवायचा. एका तलावाचा सांडवा खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, बोडीचे पाणी त्याखालच्या बांधीत. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार तलाव झाले. १९५० नंतर मालगुजारी संपली आणि ते सरकारजमा झाले. नाव राहिले माजी मालगुजारी तलाव, कागदोपत्री मामा तलाव. पुढे गाळ साचला, पाळींवर झुडपे माजली. तरी सिंदेवाहीच्या कुठल्याही बाजूला तीन-चार किलोमीटर चाला, एक मामा भेटतोच. सकाळी सातच्या सुमारास अशा एखाद्या तलावाच्या पाळीवरून चालावे: एका हाताला कमळांत चालणारे पाणपक्षी, दुसऱ्या हाताला पाळीच्या खाली पसरलेला धान, आणि मधोमध पाऊलवाट. बैल नेणारा गुराखी थांबून विचारतो, कोणाकडे आलात? सहज फिरायला आलो, हे उत्तर त्याला पटत नाही.

पावसाळ्यात सगळ्यांची धाव आसोलामेंढ्याला असते. सावली तालुक्यातल्या पाथरीजवळचा हा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी दगडी पायऱ्यांसारखे टप्प्याटप्प्याने उतरू लागते. सिंदेवाही, मूल, गडचिरोली, ब्रह्मपुरी इथून मोटारसायकली सुटतात. भजी, कणीस आणि ओले कपडे यांची जत्रा भरते. मुक्कामाची सोय नाही, स्वच्छतागृहांची बोंब आहे, आणि सेल्फीसाठी शेवाळलेल्या दगडावर चढणाऱ्यांना आवरायला पोलिसांना काठी घेऊन उभे राहावे लागते. या तलावाला आता दूरचे नातेही जोडले आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी भूमिपूजन केलेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचा ९९ किलोमीटरचा उजवा कालवा वैनगंगेचे पाणी घेऊन इथेच संपतो. ब्रिटिशांचा काळ संपला तरी पाणी साठवायची जागा तीच राहिली.

पाण्याखाली धान आहे, म्हणून धानाकडे वळू. सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. धानावर काम करणारे हे पूर्व विदर्भातले महत्त्वाचे केंद्र. इथून जवळच नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे छोटे गाव आहे. मराठवाड्यातल्या नांदेडशी त्याचा काही संबंध नाही. दीड एकराच्या घरात शेती असलेले, जेमतेम शाळा शिकलेले दादाजी खोब्रागडे याच गावचे. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ वाणाच्या आपल्या शेतात त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या: रंग पिवळसर, दाणा बारीक. त्यांनी त्या खुडून वेगळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध थोड्या जागेत लावल्या आणि डुकरांपासून राखायला भोवती काटेरी कुंपण केले. वर्षानुवर्षे निवड करत त्यांनी वाण पक्का केला. भात बारीक, चवदार, उताराही चांगला. त्या काळी सगळ्यांच्या मनगटावर मिरवणाऱ्या घड्याळाच्या नावावरून त्याला ‘एचएमटी’ म्हणू लागले. आज नागपूर-रायपूरच्या बाजारात एचएमटी तांदूळ मागणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल?

सिंदेवाहीच्या केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण विद्यापीठाच्या नावाने आला. दादाजींचे म्हणणे, वाण माझा. विद्यापीठाचे म्हणणे, तो शास्त्रीय निवडीने शुद्ध केलेला. वाद दादाजींच्या हयातीत मिटला नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हातून त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्जच्या यादीत नाव आले, आणि ३ जून २०१८ रोजी ते आजारपणात, हलाखीत गेले. ज्या पर्यटन नकाशावर ब्रिटिशांच्या विश्रामगृहाला जागा मिळते, त्यावर नांदेडच्या त्या बांधीला जागा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धान निसवून पिवळा पडतो, तेव्हा एखाद्या शेतकऱ्याने पाहुण्यांना बांधावरून फिरवत दहा वाणांच्या लोंब्या हातात दिल्या, तर शहरातली पोरे वाघाइतकीच खूश होतील. निदान वाघ न दिसल्याची तक्रार तरी कमी करतील.

नागभीड तालुक्यातच देवटेक आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या खेड्यात एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावर दोन लेख आहेत. धाकटा लेख वाकाटक राजा रुद्रसेनाच्या काळातला. थोरला त्याच्या कितीतरी आधीचा, अशोककालीन ब्राह्मीतला. त्यात प्राण्यांना पकडण्याला आणि मारण्याला मनाई केली आहे. संशोधक वा. वि. मिराशींनी हा लेख वाचला, आणि त्यात आलेले गावाचे नाव शेजारच्या चिकमाऱ्याशी जुळवले. दगड आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. वन्यजीव संरक्षणाचा हुकूम या जंगलात बावीसशे वर्षांपूर्वीच निघाला होता, हे घोडाझरीच्या माहितीफलकावर लिहिण्यासारखे आहे. चिमूर तालुक्यात हिरापूरला मोठमोठ्या शिळा उभ्या करून वर शिळेचेच छत घातलेली प्राचीन दफनस्थाने आहेत. लोक त्यांना मांडवगोटा म्हणतात. शेतात उभी आहेत, पाहायला कोणी येत नाही.

आता वाघाकडे यायलाच हवे, कारण पायवाटांची भलामण करताना तो विषय टाळणे लबाडीचे होईल. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बायका तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेल्या आणि तिघींनाही वाघाने मारले. एकाच दिवशी तिघी. मे महिना म्हणजे तेंदूचा हंगाम. पहाट फुटायच्या आत जंगलात शिरायचे, वाकून पाने खुडायची, दुपारपर्यंत घरी येऊन पुडे बांधायचे. एप्रिलमध्ये मोहफूल वेचायचे, तेही वाकून, झाडाखाली झाडझूड करून. वाकलेले माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे वनखात्याचे लोक सांगतात, म्हणून घोळक्याने जा, आवाज करा, अंधारात जाऊ नका. हे सगळे बायकांना ठाऊक असते. पण तेंदूचे पैसे पावसाळ्याच्या तोंडावर बियाण्याला आणि शाळेच्या वह्यांना लागतात. गाडीत बसलेल्याला जंगलात उतरायला बंदी आणि पायी जाणाऱ्याला पोटासाठी जावेच लागते, अशी ही विभागणी आहे. वाघ पाहायला आलेल्याच्या पैशातला किती वाटा वाघासोबत राहणाऱ्याला मिळतो, हाच इथल्या पर्यटनाचा खरा प्रश्न आहे.

काही वाटा मिळतो. ताडोबाच्या बफरमध्ये गावांच्या परिस्थितिकीय विकास समित्या आहेत, गेटचे उत्पन्न त्यांच्याकडे जाते, गावची मुले आणि मुलीही वाटाड्याचे काम करतात. चंद्रपूर-मोहर्ली रस्त्यावरच्या आगरझरीला फुलपाखरू उद्यान आणि नौकाविहार गावाच्या समितीमार्फत चालतात. हाच नमुना पेरजागड, घोडाझरी आणि सिंदेवाहीच्या तलावांना लावता येईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम, सकाळी आठ ते अकरा एवढीच वेळ, गटामागे गावचे दोन वाटाडे, तेंदू आणि मोहाच्या दिवसांत पाहुण्यांना वाट बंद, आणि वाघाचा वावर कळला की त्या दिवशी सरळ रद्द. यात अवघड काही नाही. सिमेंटचे प्रवेशद्वार, प्लास्टिकचा डायनासोर आणि झिपलाइन यांत पैसा घालण्याची हौस तेवढी आवरावी लागेल.

दक्षिणेला आणि पूर्वेला जाणाऱ्याने दोन-तीन ठिकाणे चुकवू नयेत. मूलजवळ सोमनाथला जुने देऊळ आणि झरा आहे, शेजारी बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये उभारलेला महारोगी सेवा समितीचा प्रकल्प. दर वर्षी मे महिन्यात तिथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. पुढे वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरले की चामोर्शी तालुक्यात मार्कंडा. नदी इथे उत्तरेकडे वळते, म्हणून क्षेत्राचे महत्त्व. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७३-७४ च्या दौऱ्यात ही देवळे नोंदवली. कोरीवकाम अप्रतिम, जीर्णोद्धार मात्र कित्येक वर्षे रेंगाळलेला. सुटे करून नंबर टाकलेले दगड पाहून जीव हळहळतो. आणखी दक्षिणेला आलापल्लीचे जुने सागवान जंगल, २०१४ मध्ये राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेले. पण तो एका दिवसाचा प्रवास नव्हे, त्यासाठी वेगळी सवड काढावी.

संध्याकाळचे काय? डोंगराळ पर्यटनस्थळी संध्याकाळी लोक बाजारात हिंडतात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, दिवाळीनंतर नाटक पाहतात. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरू लागते, आणि मंडईच्या रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही या रंगभूमीची राजधानी. नाट्यमंडळ्यांची कार्यालये तिथेच, तारखांची बुकिंग तिथेच. कापलेल्या धानाच्या बांधीत मंच उभा राहतो. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. ऑर्गन, तबला, मध्येच लावणी, मध्येच अश्रू. पुढे सतरंजीवर म्हातारी माणसे शालीत गुंडाळून, मागे खुर्च्यांवर तिकीटवाले, कडेला चहा आणि आलुपोंगे. घरी पाहुण्यांची इतकी गर्दी की निजायला जागा नसते, म्हणूनही नाटक रात्रभर लागत असावे. मंडईत लग्ने जुळतात, भावकीतले तंटे मिटतात किंवा नव्याने सुरू होतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावलाही नाटकाची जुनी हौस. हा हंगाम होळीपर्यंत चालतो.

तेव्हा याच हंगामात बेत आखावा. गाभ्यातल्या सफारीचे आरक्षण मिळाले नाही तरी अडत नाही. गोंदिया-बल्लारशाह गाडीने सिंदेवाहीला उतरा, दोन दिवस मुक्काम करा. ताडोबा मंगळवारी बंद असतो, एवढे ध्यानात ठेवा. पेरजागडला गावचा माणूस सोबत घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. तलावात उतरू नका, सूर्य मावळायच्या आत वस्तीवर परता, घरी जाताना पाच-दहा किलो तांदूळ थेट शेतकऱ्याकडून विकत घ्या. आणि रात्री जवळपास कुठे मंडई आहे ते चहाच्या टपरीवर विचारा. गावाचे नाव, नाटकाचे नाव आणि तिकिटाचा दर तिथे सगळ्यांना तोंडपाठ असतो.